नताशाची चूक आणि प्रेक्षकांच्या टाळ्या : 'ग्रेट कॉमेट' या संगीतनाट्याची चिकित्सा

लिओ टॉलस्टॉय यांना ऑपेरा हा कलाप्रकार मान्य नव्हता. 'कला म्हणजे काय?' (१८९७-९८) या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी एका ऑपेराच्या तालमीचे वर्णन केले आहे. कथानक एका हिंदुस्थानी राजाचे. राजाला लग्न करायचे आहे. तो गवयाचे सोंग घेतो, नियोजित वधू त्या गवयावर भाळते आणि गवई म्हणजेच राजा हे कळल्यावर सगळे आनंदीआनंद करतात. असले हिंदुस्थानी लोक जगात कधी नव्हते, असा टॉलस्टॉय यांचा शेरा आहे. हा ऑपेरा अन्तोन रुबिनस्टाइन यांचा 'फेरामॉर्स' असावा, असे सामान्यतः मानले जाते. त्याचे मूळ टॉमस मूर या आयरिश कवीच्या 'लाला रूख' (१८१७) या काव्यात, म्हणजे औरंगजेबाच्या एका कल्पित शाहजादीच्या कथेत आहे. तरुणपणी काझान विद्यापीठात अरबी-तुर्की भाषांच्या शाखेत नाव दाखल केलेल्या या लेखकाला रंगमंचावरची ती पौर्वात्य सजावट खोटी वाटली, यात नवल नाही. परंतु त्यांचा मुख्य आक्षेप याहून खोल होता. रंगमंचावरचा थाटमाट पाहणाऱ्याची विवेकबुद्धी झोपवतो, हा तो आक्षेप होय.

अशा लेखकाच्या सर्वांत मोठ्या कादंबरीतून एक संपूर्ण गेय नाटक उभे करणे हे धाडसाचे काम होते. अमेरिकन संगीतकार डेव्ह मलॉय यांनी ते केले. 'नताशा, पियेर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ १८१२' असे लांबलचक नाव असलेले त्यांचे संगीतनाट्य न्यूयॉर्कच्या 'आर्स नोव्हा' या छोट्या नाट्यगृहात २०१२ मध्ये प्रथम सादर झाले. संगीत, गीते आणि संहिता मलॉय यांची, दिग्दर्शन रेचेल चावकिन यांचे. त्या पहिल्या प्रयोगांत पियेरची भूमिकाही मलॉय यांनीच केली आणि नताशा झाल्या होत्या फिलिपा सू. २०१३ मध्ये हे नाटक 'काझिनो' नावाच्या खास उभारलेल्या तंबूत आले, २०१५ मध्ये केंब्रिजच्या अमेरिकन रेपर्टरी थिएटरमध्ये झाले आणि १४ नोव्हेंबर २०१६ रोजी ब्रॉडवेवरच्या इंपीरियल थिएटरमध्ये त्याचा शुभारंभ झाला. त्याला टोनी पुरस्कारांची १२ नामांकने मिळाली. प्रत्यक्ष पुरस्कार मात्र दोनच मिळाले : नेपथ्यासाठी मिमी लिएन यांना आणि प्रकाशयोजनेसाठी ब्रॅडली किंग यांना.

या नाटकाची चर्चा बहुधा त्याच्या संगीतातील सरमिसळीवरून होते. रशियन लोकसंगीत, इलेक्ट्रॉनिक ठेका, रॉक आणि शास्त्रोक्त गायन असे सारे त्यात एकत्र आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका वेगळ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. वाट चुकलेल्या एका तरुण मुलीची कथा रंगमंचावर मांडताना प्रेक्षकाला कोठे उभे करायचे, हा तो प्रश्न आहे. मेलोड्रामाला या प्रश्नाची दोनच उत्तरे ठाऊक असतात. मुलीला शिक्षा द्यायची किंवा तिची चूक ही चूक नव्हतीच असे ठरवायचे. टॉलस्टॉय यांनी दोन्ही उत्तरे नाकारली होती. नाटकाने त्यांचे किती ऐकले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

कथाभाग आणि त्याची निवड

'युद्ध आणि शांती' (१८६५-६९) या कादंबरीचे चार खंड आणि दोन उपसंहार आहेत. मलॉय यांनी त्यातून दुसऱ्या खंडाचा केवळ पाचवा भाग घेतला. नताशा रोस्तोव्हचा वाङ्निश्चय राजपुत्र आंद्रेई बोल्कोन्स्कीशी झाला आहे. परंतु आंद्रेईच्या वृद्ध वडिलांनी वर्षभर थांबण्याची अट घातल्यामुळे तो परदेशी आहे. नताशा आपली चुलत बहीण सोन्या हिच्यासह मॉस्कोत मार्या दिमित्रियेव्हना या करारी बाईंच्या घरी उतरते. भावी सासरी पहिल्याच भेटीत तिचा अपमान होतो. त्यानंतर ऑपेरागृहात तिची गाठ अनातोल कुरागिनशी पडते. अनातोल देखणा आहे, निर्लज्ज आहे आणि गुपचूप विवाहितही आहे. थोड्याच दिवसांत नताशा आंद्रेईशी ठरलेले लग्न मोडते आणि अनातोलबरोबर पळून जायला तयार होते. सोन्यामुळे हा बेत फसतो. अनातोलचे लग्न झालेले आहे हे कळल्यावर नताशा विष घेते, पण वाचते. आंद्रेई परततो आणि क्षमा करण्यास नकार देतो. अनातोलची बहीण एलेन जिची पत्नी आहे तो पियेर बेझुखोव्ह, म्हणजे आंद्रेईचा मित्र, नताशाला भेटायला येतो. परतताना त्याला मॉस्कोच्या आकाशात धूमकेतू दिसतो आणि हा भाग संपतो.

ही निवड मार्मिक आहे. भुलवणारा देखणा पुरुष, फसलेली मुलगी, रात्रीचे अपहरण, विषाचा प्याला ही सारी सामग्री मेलोड्रामाचीच आहे आणि ती टॉलस्टॉय यांनी स्वतःच जमवली आहे. सेर्गेई प्रोकोफिएव्ह यांनी १९४१ पासून रचलेल्या 'युद्ध आणि शांती' या ऑपेराचा पूर्वार्धही नताशाच्याच कथेचा आहे. पण तेथे उत्तरार्धात नेपोलियनची स्वारी येते आणि एका मुलीचे दुःख राष्ट्राच्या दुःखात मिसळून जाते. मलॉय यांनी युद्ध दाराबाहेर ठेवले आहे. त्यामुळे नताशाच्या चुकीला झाकणारे मोठे असे काहीच उरत नाही. तिला त्या चुकीसमोर उभे राहावेच लागते आणि प्रेक्षकालाही.

ऑपेरातील ऑपेरा

कादंबरीतील ऑपेरागृहाचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे. नताशा खेड्यातून नुकतीच आलेली असते. तिला रंगमंचावर रंगवलेले पुठ्ठे, जाडजूड बाया आणि घट्ट कपड्यांतला हातवारे करणारा माणूस एवढेच दिसते. व्हिक्टर श्क्लोव्हस्की या रशियन समीक्षकाने १९१७ मध्ये अपरिचितीकरणाची जी कल्पना मांडली, तिच्या विवेचनात त्याने टॉलस्टॉय यांच्या या वर्णनाचाही आधार घेतला. परंतु या प्रसंगाचा खरा अर्थ पुढे आहे. एक एक अंक उलटतो तसतशी नताशाची नजर बदलत जाते. भोवतीचे लोक टाळ्या वाजवत असतात, शेजारच्या कक्षात एलेन प्रसन्नपणे बसलेली असते आणि अनातोल टक लावून पाहत असतो. शेवटी तिला त्या पुठ्ठ्यांत काहीच विचित्र वाटेनासे होते. जे खोटे म्हणून स्पष्ट दिसत होते ते सर्वांच्या संगतीत खरे वाटू लागते. तिच्या घसरणीची पहिली पायरी ती हीच.

नाटकाने हा प्रसंग गाळलेला नाही. ऑपेरातला ऑपेरा मुद्दाम बेसूर, तुटक आणि चमत्कारिक आवाजांत गायला जातो. इतर सर्व गीते गोड असताना हा एकच तुकडा कानाला खुपतो, म्हणून नताशाची पहिली नजर प्रेक्षकाला मिळते. पण तिची दुसरी नजर, म्हणजे हळूहळू सवय होत जाण्याची क्रिया, या प्रसंगात येत नाही. अनातोलच्या प्रवेशाबरोबर नाटक थेट त्याच्या मोहकतेकडे वळते. येथे उणीव राहिली असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः दिग्दर्शिकेने ती क्रिया एका प्रसंगात न ठेवता संपूर्ण प्रेक्षागृहात पसरवली आहे.

चावकिन आणि लिएन यांच्या मांडणीत रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामधली भिंत काढून टाकलेली होती. लाल मखमली पडदे, भिंतींवर तसबिरी, वर झुंबरे आणि प्रेक्षकांच्या रांगांमधून वळत जाणारी वाट. काही प्रेक्षक तर नटांच्या मध्ये टेबलांशी बसत. पात्रे त्यांच्या शेजारी येऊन गात, खाण्याचे पदार्थ वाटले जात. दुसऱ्या अंकात बालागा नावाचा बेफाम गाडीवान येतो. अपहरणासाठी त्याची तीन घोड्यांची गाडी ठरलेली असते. या वेळी प्रेक्षकांच्या हातांत अंड्याच्या आकाराचे छोटे खुळखुळे असत आणि सारे प्रेक्षागृह त्या ठेक्यात सामील होई. नाटकातला सर्वांत आनंदी क्षण तो हाच.

तो आनंद कशाचा आहे, याचा विचार त्या क्षणी फारसा कोणी करत नसावे. एका विवाहित पुरुषाने फसवून एका मुलीला पळवून नेण्याची ती तयारी असते. कादंबरीत याच ठिकाणी एक तपशील आहे. मुलगी घाईत, पुरेशा कपड्यांविना बाहेर येईल हे दोलोखोव्हला ठाऊक असते, म्हणून एका जिप्सी स्त्रीचा उंची फरचा झगा नताशासाठी घेतला जातो. एका स्त्रीकडून घेतलेले वस्त्र दुसरीला गुंडाळण्यासाठी. अशा पुरुषांच्या जगात स्त्रियांचे स्थान काय, हे टॉलस्टॉय एवढ्या एका वस्तूतून सांगतात. नाटकात प्रेक्षक ठेका धरतात. म्हणजे ऑपेरागृहातील नताशाचे जे झाले तेच प्रेक्षकाचे होते. सर्वांच्या संगतीत, संगीताच्या भरात, चूक ही चूक वाटेनाशी होते. बेत फसल्यावर मार्या दिमित्रियेव्हना नताशाला फटकारतात, तेव्हा नुकताच खुळखुळा वाजवलेला प्रेक्षक तिला सहजासहजी दोष देऊ शकत नाही. रंगमंचावरचा थाटमाट विवेक झोपवतो हा टॉलस्टॉय यांचा आरोप नाटकाने असा मान्य केला आहे आणि त्याच आरोपाचा उपयोग करून प्रेक्षकाला नताशाच्या शेजारी आणून बसवले आहे.

दोन फेरफार

मूळ कथेत केलेले दोन फेरफार येथे लक्षात घेतले पाहिजेत. पहिला पियेर आणि दोलोखोव्ह यांच्या द्वंद्वयुद्धाचा. कादंबरीत ते १८०६ साली घडते. त्यानंतर पियेर आपल्या पत्नीपासून दूर होतो, फ्रीमेसन पंथात शिरतो, आपल्या भूदासांची स्थिती सुधारण्याचे फसलेले प्रयत्न करतो आणि पुन्हा आळसात बुडतो. मलॉय यांनी हे द्वंद्व १८१२ मध्ये, नताशाच्या कथेच्या मध्यावर आणून ठेवले. नाट्यदृष्ट्या त्याचा लाभ उघड आहे, कारण त्यामुळे पियेरला करण्यासारखे काही मिळते. परंतु सहा वर्षांचा वैचारिक प्रवास त्यात नाहीसा होतो. ब्रॉडवेसाठी पियेरच्या तोंडी एक मोठे आत्मचिंतनपर गीत नव्याने घातले गेले. ते प्रभावी आहे, तरी धर्म, श्रम आणि न्याय यांविषयीची पियेरची धडपड एका गीतात मावत नाही. नाटकातला पियेर दुःखी आहे. कादंबरीतला पियेर दुःखी तर आहेच, शिवाय तो जिज्ञासू आहे. या ठिकाणी नाटक मूळापेक्षा उणे पडते, हे मान्य करावे लागते.

दुसरा फेरफार सोन्याचा आहे आणि तो मूळावर मात करणारा आहे. निर्धन, आश्रित, सतत इतरांसाठी झिजणाऱ्या सोन्याला कादंबरीत अखेर फारसा न्याय मिळत नाही. उपसंहारात तर खुद्द नताशाच तिच्याविषयी कीव आणि उपेक्षा यांच्या मिश्रणातून बोलते. मलॉय यांनी सोन्याला एकटीचे एक शांत गीत दिले आहे. मैत्रिणीचा विश्वास मोडला तर ती आपला तिरस्कार करील, न मोडला तर तिचा नाश होईल, ही ओढाताण त्यात आहे. वाद्यमेळ अगदी विरळ, हालचाल जवळजवळ नाही. बालागाचा गोंगाट सुरू होण्यापूर्वी हे गीत येते, म्हणून पुढच्या सगळ्या जल्लोषाखाली एक जागी व्यक्ती आहे याची जाणीव टिकून राहते. मुलीचे रक्षण करणारी व्यक्ती एखादा वीरपुरुष किंवा कुटुंबप्रमुख नसून घरातली सर्वांत दुर्बल मुलगी आहे. मेलोड्रामाच्या नेहमीच्या रचनेत हे बसत नाही आणि नाटकाचे नैतिक बळ येथेच आहे.

जेथे गाणे थांबते

या नाटकात जवळजवळ सर्व मजकूर गायला जातो. पात्रे एकमेकांशी बोलतात ते गाण्यात, पत्रे वाचतात ती गाण्यात, इतकेच नव्हे तर स्वतःविषयीचे निवेदनही तृतीय पुरुषात गाऊनच करतात. कादंबरीतील गद्य वाक्ये अनेकदा यमकाविना तशीच चालीत बसवलेली आहेत. कीर्तनकार आख्यान लावताना कधी निवेदक होतो तर कधी पात्र, तसा काहीसा हा प्रकार आहे. अमानतची उर्दू 'इंद्रसभा' पद्यातच लिहिलेली असल्याचे उर्दू रंगभूमीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. मराठी संगीत नाटकाची घडण निराळी आहे. १८८० च्या 'संगीत शाकुंतल'पासून तेथे गद्य संवाद चालू असतो आणि भावना उत्कट झाली की पद सुरू होते. बोलणे अपुरे पडले की गाणे येते, हा तेथील अलिखित नियम.

मलॉय यांनी हा नियम अखेरीस उलटा केला आहे. विषप्रयोगातून वाचलेली, खंगलेली नताशा पियेरसमोर उभी आहे. आपले सगळे संपले असे तिला वाटते. पियेर तिला धीर देतो, आणि एका क्षणी वाद्ये थांबतात. तो गात नाही, बोलतो. आपण आहोत तसे नसतो, जगातले सर्वांत चांगले आणि मोकळे पुरुष असतो, तर याच क्षणी गुडघे टेकून तिचा हात मागितला असता, अशा आशयाचे ते बोलणे आहे. संपूर्ण नाटकात केवळ एवढेच शब्द चालीविना उच्चारले जातात. अडीच तास संगीताने भारलेल्या कानांना साधे मानवी बोलणे ऐकू येते आणि ते सर्वांत खरे वाटते.

गाण्याने भुलवले होते. अनातोलने जे मिळवले ते गोड चालींवर मिळवले होते. म्हणून क्षमा गाण्यातून येऊन चालणार नव्हते. पियेर नताशाला निर्दोष ठरवत नाही आणि तिला उपदेशही करत नाही. तिचे सगळे संपले हे तिचे मत तेवढे तो अमान्य करतो. त्याच्या बोलण्यात मागणी नाही, म्हणून त्यात अनातोलची छायाही नाही. नताशा रडते आणि ते अश्रू कृतज्ञतेचे असतात. यानंतर पियेर बाहेर पडतो. वरचे झुंबर उजळत जाऊन धूमकेतू होते. १८११ साली सापडलेल्या त्या धूमकेतूत लोकांनी प्रलयाची चिन्हे पाहिली. पियेरला त्यात नव्या आयुष्याची चाहूल लागते. नताशाचे पुढे काय होणार हे नाटक सांगत नाही. तिला ना शिक्षा मिळते ना बक्षीस. मेलोड्रामाच्या सगळ्या सामग्रीतून नाटक अशा शेवटाला पोहोचते, जो मेलोड्रामाचा नाही.

आकार, व्यवहार आणि वाद

या यशाला एक व्यावहारिक मर्यादा पडली. नाटकाची कल्पनाच जवळीकीवर आधारलेली. आर्स नोव्हामध्ये शंभरापेक्षा कमी प्रेक्षक बसत. इंपीरियलमध्ये फेररचनेनंतरही ते सुमारे बाराशे होते. एवढे प्रेक्षक रोज आणण्यासाठी प्रसिद्ध नावाची गरज पडली आणि पियेरच्या भूमिकेत जॉश ग्रोबन हे लोकप्रिय गायक आले. जुलै २०१७ च्या आरंभी ते बाहेर पडले. काही दिवसांनी ती भूमिका ओकिएरिएट ओनाओडोवान या कृष्णवर्णीय अभिनेत्याकडे आली. तिकीटविक्री मंदावल्यावर त्यांची मुदत आखडून मँडी पटिंकिन या ज्येष्ठ अभिनेत्याला काही आठवड्यांसाठी आणण्याचे जाहीर झाले. एका कृष्णवर्णीय कलावंताला अशा रीतीने बाजूला सारण्यावर तीव्र आक्षेप घेतले गेले आणि पटिंकिन यांनी माघार घेतली. ३ सप्टेंबर २०१७ रोजी, ३३६ प्रयोगांनंतर, नाटक बंद पडले.

या वादामागचा विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. या नाटकाने रशियन उमरावांच्या भूमिका वंशाचा विचार न करता दिल्या होत्या. ब्रॉडवेवरची नताशा डेने बेंटन या कृष्णवर्णीय अभिनेत्री होत्या आणि पहिल्या नताशा फिलिपा सू यांचे वडील चिनी-अमेरिकन आहेत. अभिजात साहित्यावर कोणत्याही एका वंशाची मालकी नसते, हे निवडीतूनच सांगितले गेले होते. 'फेरामॉर्स'मधील हिंदुस्थानी माणसे खोटी होती, कारण ती युरोपीय प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी रंगवलेली बाहुली होती. येथे उलट घडले. ज्यांना अशा कथांत पूर्वी जागाच नव्हती त्या समाजांतील कलावंतांनी रशियन माणसे खरी करून दाखवली. रंगमंचावर साधलेली ही उदारता तिकीटविक्रीच्या हिशेबात टिकली नाही, ही गोष्ट खेदाची आहे. तिचे मूल्य मात्र त्यामुळे कमी होत नाही.

पुढे डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात लंडनच्या डोनमार वेअरहाऊसमध्ये टिमोथी शेडर यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभे राहिले. त्या नाट्यगृहात सुमारे अडीचशे प्रेक्षक बसतात. नाटक आपल्या मूळ आकाराकडे परतले, असे म्हणता येईल.

महाविद्यालयीन आणि हौशी रंगभूमीवर अभिजात कादंबऱ्यांची रूपांतरे करणाऱ्यांना या नाटकापासून घेण्यासारखे बरेच आहे. त्यासाठी झुंबरे आणि मखमल लागत नाही. संपूर्ण ग्रंथ संक्षेपाने सांगण्याऐवजी त्यातला एक भाग पूर्णपणे सांगावा, दुय्यम समजल्या गेलेल्या पात्राकडे नव्याने पाहावे आणि कोणत्या क्षणी संगीत थांबवायचे हे संगीत रचण्यापूर्वी ठरवावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट चुकलेल्या मुलीविषयीची. तिची कथा सांगताना प्रेक्षकाला न्यायाधीशाच्या आसनावर बसवणे सोपे असते आणि आपल्याकडच्या पुष्कळ नाटकांनी तेच केले आहे. टॉलस्टॉय यांनी वाचकाला तेथून उठवले. मलॉय आणि चावकिन यांनी प्रेक्षकाच्या हातात खुळखुळा दिला, तो वाजवू दिला आणि नंतर त्याला नताशाच्या डोळ्यांत पाहायला लावले.